सकाळची मूठ

नार्व्याच्या विनोदिनीला हरायची सवयच नव्हती. त्यामुळे डिचोलीच्या दवाखान्यात संधिवाताच्या तपासणीला गेल्यावर फिजिओथेरपिस्ट गौरवीनं तिच्या आणि तिची धाकटी जाऊ देवकी हिच्या पुढ्यात तारा लावलेले हातमोजे ठेवले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "पैकीच्या पैकी म्हणजे किती?"

"परीक्षा नाही काकी," गौरवी म्हणाली. "बोटं किती वाकतात ते हा मोजा मोजतो."

"मोजा मोजतो!" देवकी खुदकन हसली.

"पाच दिवस घरी न्या. उठल्याबरोबर, अकराला आणि संध्याकाळी, दहा वेळा मूठ मिटायची, उघडायची. आकडा मोबाइलवर येईल. शंभर म्हणजे पूर्ण मूठ."

झालं! शंभर हा शब्द विनोदिनीच्या कानात शिरला आणि परीक्षा सुरू झाली.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला विनोदिनीचे आले बहात्तर. देवकीचे छत्तीस. विनोदिनीनं "असू दे गे, असू दे" म्हणत तिच्या चहात साखर जास्त घातली, पण ओठांवरचं हसू काही लपेना.

अकराला विनोदिनीचे त्र्याहत्तर आले. देवकीचे पंचाहत्तर!

विनोदिनी मोबाइलकडे बघतच राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बारा वर्षं ही बाई रोज पहाटे म्हणायची, "वयनी, हात उघडत नाहीत गे." बारा वर्षं पीठ मळणं, दूध तापवणं, पाणी भरणं सगळं विनोदिनीच्या गळ्यात. आणि अकरा वाजले की हीच देवकी विळीवर बसून दोन नारळ फटाफट खवून मोकळी! हे सोंग आहे, असं विनोदिनी मनात म्हणायची. मनात आणि अर्ध्या गावात. आता पुरावाच सापडला. तिनं मागच्या दारी जाऊन गौरवीला फोन लावला.

"बाय, तुमच्या मोज्यानं चोर पकडला. सकाळी छत्तीस, आता पंचाहत्तर. लबाडी करते ती!"

पलीकडे गौरवी हसत सुटली. "काकी, हाच तर तिचा आजार! रात्रभर सांधे आखडतात, सकाळी दोन-दोन तास सुटत नाहीत. दवाखान्यात येईपर्यंत अकरा वाजतात, हात बरे दिसतात, मग कोणाला खरं वाटत नाही. म्हणून तर मोजा घरी दिला."

विनोदिनीनं फोन ठेवला. काहीतरी बोलावं म्हणून ती आत गेली. देवकी विळीवर बसली होती.  विनोदिनी दारातूनच परत फिरली.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे देवकीनं मूठ मोजली आणि वर पाहिलं, तर विनोदिनी गरम पाण्याचं घमेलं घेऊन समोर हजर. "बुडव हात!" दहा मिनिटांनी पुन्हा मोजा चढवला. छत्तिसाचे चव्वेचाळीस! विनोदिनी अशी ओरडली की तिचा नवरा दात घासता घासता धावत आला. तिसऱ्या दिवशी गरम मिठाची पुरचुंडी केली. सत्तेचाळीस. आता दोघींनाही वेड लागलं होतं.

चौथ्या दिवशी गॅस संपला. पाणी तापेना. तेवढ्यात रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला, पों पों. विनोदिनी धावली, टोपलीतले भट्टीतून नुकतेच आलेले गोल पाव, उंडे, पदरात घेऊन आली आणि देवकीच्या दोन्ही हातांत कोंबले.

"वयनी, खायचे की धरायचे?"

"आधी धर!"

हात ऊन ऊन झाले, उंडे चपटे झाले. मोजा चढवला. अठ्ठावन्न! पोदेरसुद्धा सायकल सोडून आकडा बघायला अंगणात आला. देवकी दहाच्या जागी वीस वेळा मूठ मिटत होती, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग सगळ्यांनी मिळून ते औषध चहात बुडवून खाल्लं.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी आलेख पाहिला, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि देवकीच्या गोळ्या बदलल्या. "शेक घ्या, पण खरं काम गोळ्याच करतील," ते म्हणाले. आणि केलंही, दोन महिन्यांत सकाळचा आकडा साठाच्या वर गेला. त्या दिवशी मात्र गौरवीनं आलेखातल्या चौथ्या दिवसाच्या उंचवट्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं काय केलंत?" दोघी एकदम म्हणाल्या, "उंडे!" गौरवीनं हसू दाबत कागदावर 'कोरडा शेक' असं लिहिलं.

परतीच्या बसमध्ये विनोदिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बारा वर्षं मी तुला सोंगाडी म्हटलं."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनी." देवकी तिच्याकडे सरकली. "आणि मी तुला काय म्हणायचे, सांगू?"

"सांग."

"हवालदार."

विनोदिनीनं डोळे वटारले आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. देवकीचंही आवरेना. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. उतरायचा स्टॉप कधी गेला, कळलंच नाही. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा बस धक्क्यावर उभी होती आणि फेरीबोट सुटायच्या बेतात होती. पलीकडे दिवाडी बेटावर दोघींचं काडीचंही काम नव्हतं.

"जाऊया?" देवकीनं विचारलं.

विनोदिनीनं तिचा हात जपून धरला आणि दोघी साठीच्या घरातल्या बाया पोरींसारख्या फेरीकडे धावत सुटल्या.