ताई जायची वेळ

जुन्या तटाच्या आतली ती वस्ती इतकी आटोपशीर, की कुणावर रुसायचं म्हटलं तरी जागा पुरत नसे. दगडी गल्ल्यांत गाडी शिरत नाही, बेकरी एकच, औषधांचं दुकान एकच, आणि कुठूनही निघा, वाट कारंज्याच्या चौकातच येते. अशा ठिकाणी सख्ख्या बहिणीचं तोंड बघायचं नाही, म्हणजे खायचं काम नाही. कपड्यांचं अल्टरेशन करणाऱ्या धाकटीने मात्र ते वर्षानुवर्षं जमवलं होतं.

भांडण साधं होतं. "हा माणूस टिकायचा नाही," असं थोरली धाकटीच्या लग्नाआधी बोलली, आणि तो टिकला नाही. अंदाज खोटा ठरला असता, तर धाकटीने केव्हाच माफ केलं असतं.

थोरली निवृत्त शिक्षिका, सगळं वेळेवर. सकाळी ती धाकटीच्या खिडकीखालून पाव आणायला जाई. ती परत गेली की मगच धाकटी जिना उतरे. मंगळवारी थोरली वाचनालयात, म्हणून हिची दोरे-बटणांची खरेदी मंगळवारी. बहिणीच्या वेळा हिला तोंडपाठ होत्या.

त्या दिवशी थोरली आलीच नाही. धाकटी पिशवी घेऊन पडद्याआड ताटकळली, मनातल्या मनात बहिणीचा उद्धारही करून झाला. शेवटी ती बेकरीत गेली.

"मोठ्या बाई आल्या होत्या का?"

"आल्या असतील की," बेकरीवाला म्हणाला. "एवढ्या गिऱ्हाइकांत कोण लक्षात ठेवतं?"

थोरली आली नाही हे साऱ्या वस्तीत फक्त तिलाच कळलं होतं. पाव न घेताच ती निघाली.

थोरलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. "ताई!" हा शब्द तोंडातून निघायला जड गेला. आत जिन्याच्या पायथ्याशी थोरली पडली होती. पाय वाकडा, पिशवी अजून खांद्याला.

"किती वेळ लावलास!" ती म्हणाली.

"कुणाला हाक मारायचीस ना!"

"मारल्या. या भिंतींतून काही जात नाही बाहेर. मग गप्प राहिले. म्हटलं, मी दिसल्याशिवाय ही घराबाहेर पडत नाही, हिच्या येईल लक्षात."

"तुला माहीत होतं?"

"पडदा हलतो गं तुझा. ताप असला तरी मी वेळ चुकवली नाही कधी. तू खोळंबली असतीस."

धाकटी तिच्याशेजारी पायरीवर मटकन बसली.

"आज खोळंबलेच," ती म्हणाली.