सहा-सहा महिन्यांचं आयुष्य

मी एक फाइल. गडद निळ्या प्लास्टिकची, एका कोपऱ्याला चीर गेलेली. दवाखान्यातल्या बाकांवर माझ्यासारख्या पुष्कळ दिसतात, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या काखेत. आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. तरी आज मी बोलणार आहे, कारण मी ज्या घरात राहते तिथली माणसं या विषयावर फार कमी बोलतात.

माझ्या जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. एका यंत्राने मला दाबलं, दुसऱ्याने आत पारदर्शक कप्पे चिकटवले आणि मी स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या शेजारी येऊन पडले. वाटलं होतं, कुणाची तरी शाळेची प्रमाणपत्रं सांभाळायला मिळतील. मला नेलं ते थोरलीने. आईच्या आजारपणाचे कागद ठेवायला.

थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती काम करायची. दिवसभर प्लास्टरचे ठसे, मेण आणि घासायची चाकं. कवळीवर केसाएवढा उंचवटा राहिला तर माणसाला घास चावता येत नाही, म्हणून ती डोळे मिटून बोट फिरवायची आणि तो उंचवटा नेमका शोधून काढायची. लॅबचे मालक म्हणायचे, "यंत्र चुकेल, बाईंचं बोट चुकणार नाही."

आई चौदा महिन्यांत गेली. स्तनाचा कर्करोग. आजी त्यानेच गेली होती, मावशीही. जाण्याआधी आईच्या रक्ताची तपासणी झाली आणि जनुकातला एक दोष सापडला. डॉक्टरीणबाईंनी मुलींना समोर बसवून सांगितलं, "हा दोष तुमच्यात उतरला असेल किंवा नसेल. निम्मी-निम्मी शक्यता आहे. कळून घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

दोघींनी रक्त दिलं. निकालाच्या दिवशी टेबलावर दोन पाकिटं होती. थोरलीत दोष होता. धाकटीत नव्हता.

माझ्या समजुतीप्रमाणे रडायचं ते थोरलीने. पण रडली धाकटी, हमसून हमसून. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "अगं वेडे, तुझं चांगलं आलंय ना." मग तिने स्वतःचा कागद घडी न घालता माझ्या कप्प्यात सरकवला आणि धाकटीचा हात धरून बसस्टॉपकडे चालू लागली.

त्यानंतर धाकटीचं थोरलीच्या घरी येणं बदललं. सुरुवातीला ती दर आठवड्याला काहीतरी घेऊन यायची, पडदे, चपला, भाचीला दप्तर. हसता हसता मध्येच थांबायची, जणू या घरात हसायचा हक्क आपल्याला नाही. हळूहळू येणं कमी झालं. फोन व्हायचे, पण तपासणीच्या आठवड्यात मात्र तिचा फोन हमखास बंद असायचा.

थोरलीचं आयुष्य सहा-सहा महिन्यांचं झालं. एकदा स्तनांचा एक्स-रे, सहा महिन्यांनी एमआरआय, पुन्हा एक्स-रे. तारीख दीड महिन्यावर आली की ती घरात असून नसल्यासारखी व्हायची. भाजी करपायची. मुलीने वही दाखवली तर "छान आहे" म्हणायची, वहीकडे न बघताच. काहीही ठरवायचं झालं, नवा सोफा असो की चार दिवसांचा प्रवास, उत्तर एकच. "तपासणी होऊ दे, मग बघू."

रिपोर्ट स्वच्छ आला की आठवडाभर घर हलकं व्हायचं. फार तर दहा दिवस. मग तिचं बोट पुन्हा कामाला लागायचं. अंघोळीला गेली की तासभर बाहेर यायची नाही. बसमध्ये, भांडी घासताना, बोलता बोलता तिचा हात नकळत काखेकडे जायचा. जे बोट मेणातला उंचवटा शोधायला शिकलं होतं, ते आता स्वतःच्याच अंगात शोधत बसायचं. अंगात गाठीसारखं लागणारं काही ना काही असतंच. ते तिला रोज सापडायचं.

तिचा नवरा घरांना रंग देण्याची कामं करायचा. साधा माणूस. तो विचारायचा, "रिपोर्ट चांगला आलाय ना? मग आता कसली चिंता?"

"तुम्हाला नाही कळणार."

"सांगितलंस तर कळेल की."

ती सांगायची नाही. तो मग तिला जवळ घ्यायलाही बिचकू लागला. आपला हात लागला की ती दचकते, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

तिसऱ्या वर्षी एक्स-रेमध्ये सावली दिसली. सुई टाकून तुकडा काढला आणि अकरा दिवस थांबायला सांगितलं. त्या अकरा दिवसांत थोरलीने लॅबमधली हातातली सगळी कामं संपवली, कपाट लावलं आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कुकर लावायला शिकवला. मुलीने विचारलं, "आत्ताच का?" तर म्हणाली, "यायला हवं तुला."

अकराव्या दिवशी कळलं, साधी गाठ आहे, धोका नाही. नवरा केक घेऊन आला. थोरलीने तो कापला, सगळ्यांना भरवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. नंतर तिने धाकटीला फोन केला. "आनंद होत नाहीये गं मला. काय झालंय कळत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत."



डॉक्टरीणबाईंनी एक रस्ता सुचवला होता, दोन्ही स्तन आधीच काढून टाकण्याचा. त्याची माहितीपुस्तिका माझ्या शेवटच्या कप्प्यात होती. थोरली ती काढायची, वाचायची, परत ठेवायची. "काही झालेलं नसताना धडधाकट अंग कापून द्यायचं?" ती नवऱ्याला म्हणाली. "पोर जरा मोठी होऊ दे."

आठव्या वर्षी तपासणीची चिठ्ठी आली तेव्हा तिने ती माझ्यात घातली आणि मला कपाटाच्या वर, बॅगांच्या मागे ढकलून दिलं. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "पुढे ढकललीय. एकदा तरी मला माणसासारखं जगू द्या."

खोटं सांगणार नाही, ते महिने त्या घरातले सगळ्यात चांगले होते. धुळीत पडून मी ऐकत होते. सोफा आला. तिघं समुद्रावर जाऊन आली. थोरली मुलीशी भांडली, खरंखुरं, कपड्यांवरून, आणि दोघी नंतर पोट धरून हसल्या.

मग पुढची तारीख आली आणि ती तपासणीला गेली. या वेळी साधी गाठ नव्हती. काखेपर्यंत पोचलेली होती.

डॉक्टरीणबाईंनी खाली बघत सांगितलं. थोरलीच्या तोंडून पहिला शब्द आला तो "बरं झालं." नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "आता वाट बघायला नको," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "मागच्या वेळी आले असते तर दिसली असती का?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. त्या खरं बोलल्या असतील. पण ती न उघडलेली चिठ्ठी माझ्याच पोटात होती, आणि घरी आल्यावर नवऱ्याने ती काढली, वाचली आणि घडी घालून परत ठेवली. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

औषधांनी थोरलीचे केस गेले, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. पण बोटं बधिर झाली. चहाचा कप गरम आहे की गार, तेही कळेना. लॅबमध्ये तिच्या जागी दुसरी मुलगी आली.

गेल्या महिन्यापासून धाकटी येते. औषध चढवायच्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन बहिणीशेजारी बसते. परवा थोरली समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझं पाकीट चांगलं आलं ना, त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं होतं. आणि तुझा रागही आला होता. खूप. अजून येतो कधी कधी."

"माहीत होतं ताई मला," धाकटी म्हणाली. "म्हणून तर येत नव्हते."

"मग आता का येतेस?"

"राग आला तर येऊ दे. मी इथेच बसते."

थोरलीची मुलगी आता अठरा वर्षांची झालीय. एका दुपारी तिने मला उघडलं आणि पहिल्या कागदापासून वाचत गेली. आजीचं सगळं, मग आईचं सगळं. संध्याकाळी आईच्या पलंगाशी बसून म्हणाली, "मला माझं कळून नाही घ्यायचं. निदान आत्ता तरी नाही."

 थोरलीच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मला माहीत आहे. ते सगळे कागद माझ्यापाशीच आहेत. शेवटी ती एवढंच म्हणाली, "कळून घेशील तेव्हा एकटी जाऊ नकोस."

माझे सांधे आता सुटत आलेत. लवकरच मला बदलतील. जाण्याआधी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी दर सहा महिन्यांनी जाणारी कुणी असेल, तर रिपोर्ट चांगला आला म्हणून तिला लगेच "सुटलीस" म्हणू नका. ती सुटलेली नसते. तिला विचारा, कशी आहेस. आणि ती "बरी आहे" म्हणाली, तरी लगेच उठून जाऊ नका.