आडनाव न विचारणारा माणूस

प्रियदर्शनीला पहिला संशय आला तो फोनवरच. समोरच्या माणसानं तिचं आडनाव विचारलं नाही.

नांदेडात आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग पाहुणे कुठले. पाटबंधारे कार्यालयात अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको होतं. आणि हा संगमेश्वर नावाचा माणूस नुसताच म्हणाला की कुणाला दारू सोडायची असंल तर रविवारी या. तिनं घरातल्या एकासाठी विचारतेय म्हणून सांगितलं. त्यानं 'हाव' म्हणून ऐकून घेतलं, कोण ते विचारलं नाही. यात नक्की काहीतरी गोम होती.

नंबर तिनं रेल्वे स्टेशनबाहेरच्या भिंतीवरून उतरवून घेतला होता. खाली 'विनामूल्य' असं लिहिलेलं. फुकट कोण कुणाला काय देतं? औषधं गळ्यात मारत असतील, नाहीतर कुठल्या तरी बाबाच्या नादी लावत असतील. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिच्या लेकीनं, पुनमनं, तिच्या हातातली स्कूटीची चावी काढून घेतली होती आणि एक शब्द न बोलता दार लावून घेतलं होतं. ते न बोलणं प्रियदर्शनीला सोसत नव्हतं.

रविवारी तिनं ऑटो अलीकडच्या चौकातच सोडली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि धान्याच्या मोंढ्यामागच्या, त्यानं फोनवर सांगितलेल्या शाळेपर्यंत चालत गेली. समोरच्या रसवंतीपाशी उभी राहून ती फाटकाकडं बघत होती. आत जाणारे सगळे पुरुष. एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, हसत होते. दारू सुटलेल्या माणसांना एवढं हसायला कशाचं येतं, हेही तिला खटकलं. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. शाळेच्या ओट्यावर एक जाडसर माणूस कानाला मोबाइल लावून रस्त्याकडं पाहत उभा होता. तिनं फोन बंद केला आणि जवळजवळ पळतच माघारी फिरली. त्या रात्री ती रोजच्यापेक्षा जास्त प्याली.

पुढं संगमेश्वरचा मेसेज आला. लातूरला तुळजाबाई आहेत, त्यांनीही हे सगळं भोगलंय, त्यांचा नंबर देतो. तुमचा नंबर मात्र त्यांना दिलेला नाही. बाईमाणूस पुढं करून जाळ्यात ओढायची ही जुनीच रीत, असं प्रियदर्शनीच्या मनात आलं. तरी तिनं नंबर पुसला नाही. लातुरात तिला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं.

शनिवारी ऑफिसचं काम सांगून ती एसटीत बसली. लातूरच्या स्टँडवर तुळजाबाई घ्यायला आल्या होत्या. नऊवारी, गळ्यात बोरमाळ, साठी ओलांडलेली, शेतकऱ्याच्या घरातली फटकळ बाई. ही दारू प्यायची? प्रियदर्शनीला पटेना. ऑटो गल्लीबोळांतून जायला लागली तशी ती दुकानांच्या पाट्या मनात घोकत राहिली. परतायची वाट आपल्याला ठाऊक असावी. एका दवाखान्याच्या माडीवर तसल्याच बैठकीला दहाबारा माणसं बसली होती. एका पोरानं मोबाइल काढताच तिनं स्कार्फ वर ओढला. तो मोबाइल बंद करत होता.

मग तुळजाबाई बोलायला उठल्या.

"गोठ्यात कडब्याखाली बाटली ठेवायचे मी. सुनंला वाटायचं, सासूला म्हशीचा लई लळा. नातू जवळ आला की तोंड फिरवायचे, लेकराला वास येऊ नये म्हणून. एक दिवस त्यो म्हणला, आजी, मी तुला आवडत न्हाई का?"

तोवर प्रियदर्शनी ऐकत होती ती हिच्या बोलण्यात खोट कुठं सापडते ते हेरायला. आता ते हेरणं राहून गेलं. गेली कित्येक वर्षं तीही पुनमशी मान वळवून बोलत आली होती. हे शिकवून वदवून घेण्यासारखं नव्हतं.

तरी खाली उतरताना तिनं विचारलंच, "यातून तुम्हाला काय मिळतं?"

तुळजाबाई कठड्याला धरून थांबल्या. "गुडघा धरलाय म्हणून आज येणार नव्हते. तुमी येणार म्हणल्यावर यावं लागलं. घरी बसून काय केलं असतं, माझा मला भरवसा न्हाई."

उद्या नांदेडला मीच येते, त्या बाप्यांत दोघी मिळून बसू, असंही त्यांनी सांगितलं. प्रियदर्शनीनं मान डोलावली. विश्वास ठेवला नाही.

रविवारी ती शाळेच्या फाटकाशी उभी होती आणि तुळजाबाईंचा पत्ता नव्हता. फोनही लागेना. वाटलंच होतं, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिला हलकं वाटलं. आता घरी जायला मोकळी. इतक्यात तो जाडसर माणूस बाहेर आला. त्यानं प्लास्टिकची एक खुर्ची ओट्यावर आणून ठेवली आणि तिच्याकडं न पाहता आत गेला. बराच वेळ ती खुर्चीकडं बघत राहिली. मग जाऊन बसली. आतलं बोलणं ऐकू येईना तेव्हा खुर्ची उचलून दाराच्या आत नेली.

काही वेळानं दारात तुळजाबाई लंगडत येऊन उभ्या राहिल्या, वाटेत बिघडलेल्या एसटीला शिव्या घालत. समोर प्रियदर्शनी पर्स छातीशी धरून, बारीक आवाजात बोलत होती. त्यांना पाहून ती थांबली. उठून त्यांना खुर्ची दिली, आणि उभ्या उभ्याच पुढचं सांगू लागली.