पाठमोऱ्या माणसाला सांगितलेलं

ज्योतीरामला नीट ऐकू येत नाही, हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक तो स्वतः आणि दुसरा मी. त्याच्या बायकोला, दुर्गाला वाटायचं, नवरा मुद्दाम कानाडोळा करतो. दिवसातून चारदा ती त्याच्यावर डाफरायची आणि तो हसून मान हलवायचा.

आम्ही चाकणला एकाच कंपनीत आहोत, प्रेस शॉपला. मी सेटर, प्रेसला डाय म्हणजे साचा लावून देणारा; तो ऑपरेटर. मी पुनावळ्याचा, कायम नोकरीतला. तो औशाकडचा, कंत्राटी, दर जूनला कागद नवा करून घेणारा. राहायलाही आमच्याच चाळीत, खालच्या खोलीत.

प्रेस शॉपमध्ये कुणी बोलत नाही. दोनशे टनाची प्रेस पत्र्यावर आपटत असते, तिथे बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी वाया जातं. आधी खांद्यावर थाप द्यायची, माणूस वळला की हाताने खुणा करायच्या. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो. कंपनी कानात घालायला बोळे देते, पण ज्योतीराम घालायचा नाही. डाय बिघडली तर आवाजावरून आधी कळतं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मात्र अकरा वर्षांत सगळे बारीक आवाज त्याच्या कानांतून गेले. शिट्टी गेली, फोनची रिंग गेली, बायकांचं आणि पोरांचं बोलणं गेलं. समोर बसून बोललं तर ओठ बघून तो निभावून न्यायचा. गोंगाट असला की तेही नाही. मागून कुणी काही म्हटल्यासारखं वाटलं, की नुसती मान हलवायची. कशालाच नाही न म्हणणारा म्हणून शॉपमध्ये त्याचं मोठं नाव होतं.

वर्षातून एकदा गेटवर तपासणीची गाडी येते. पेटीएवढ्या खोलीत बसवून डोक्याला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. ज्योतीराम नापास झाला असता तर त्याला प्रेसवरून उठवला असता, आणि कंत्राटी माणसाला उठवला म्हणजे घरीच बसवला. तेव्हा मीच त्याला अक्कल दिली. म्हटलं, "समोरच्या काचंत त्या तपासणीवाल्याचा हात दिसतोय बघ. त्यानं बोट हलवलं की तू बटान दाब." तीन वर्षं तो असा पास झाला.

फार पुण्य केलं अशा तोऱ्यात मी होतो. खरं म्हणजे त्यात माझाच स्वार्थ होता. आम्हाला मूल नाही. त्यांची मुलगी अपेक्षा सात वर्षांची, शाळा सुटली की आमच्याच वरच्या खोलीत. माझ्या ताटात जेवायची, तनुजाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मोबाइलवर खेळायची. बापाची नोकरी गेली असती तर पोरगी औशाला गेली असती, आणि ते मला चाललं नसतं.

मे महिन्यात तनुजाला मोबाइलवर कुठलीशी यादी सापडली, उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन जाण्यासारखे वॉटर पार्क. तिने ती अपेक्षाला वाचून दाखवली आणि झालं. कुठे लाटांचा तलाव आहे, कुठे घसरगुंडी तीन मजल्यांची आहे, पोरीला सगळं पाठ. येताजाता माझा हात धरून विचारायची, "काका, कधी जायचं?" आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. गुरुवारी तिकीट कमी असतं, गर्दीही नसते, असं ठरवून आम्ही पाचजण निघालो.

गर्दी नसते कसली. आख्खा पट्टाच गुरुवारी मोकळा होतो, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. गेटवर ओळखीची चार माणसं भेटली. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नव्हते, पण दुर्गाने टॉवेलात गुंडाळून धपाटे नेलेच. भाड्याचे नायलॉनचे कपडे घातल्यावर तिला स्वतःचंच हसू आवरेना. मी तिला इतकं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

जेवणं झाल्यावर तनुजा आणि दुर्गा सावलीला बसल्या. आम्ही तिघं लाटांच्या तलावात उतरलो. हा तलाव काठाला घोट्याएवढा असतो आणि उतरत उतरत खोल होतो. मधूनमधून भोंगा वाजवून यंत्राने लाटा सोडतात. वर कर्णे लावून गाणी चाललेली, पाण्यात दीडदोनशे माणसं, हवा भरलेल्या ट्यूबा एकमेकींवर आदळतायत. ज्योतीराम दोन पावलं पुढे, कमरेएवढ्या पाण्यात, पाठ आमच्याकडे. अपेक्षाने माझं बोट धरलेलं.

मला तंबाखूची तलफ आली. पुडी लॉकरमध्ये होती. दहा मिनिटांचं काम. मी ज्योतीरामच्या पाठीला म्हणालो, "पोरगी तुझ्याकडं हाय रं, आलोच मी." त्याने मान हलवली. मी अपेक्षाचं बोट सोडवलं, तिला म्हटलं, "पप्पाजवळ जा," आणि वळलो.

शॉपमध्ये असतो तर माझा हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला असता. पंधरा वर्षांची सवय आहे. पण अंगावर युनिफॉर्म नव्हता, समोर मशीन नव्हतं, सुट्टीचा दिवस होता. सुट्टीच्या दिवशी माणसं जशी एकमेकांशी तोंडाने बोलतात तसा मी बोललो. तो मानही माझ्या बोलण्याला हलवत नसावा. गाण्याचा ढोल तेवढा त्याला कळायचा, त्यावर हलवत असेल. पोरगी माझ्याकडे आहे, हेच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते बरोबरच होतं.

लॉकरपाशी मी तंबाखू मळत होतो तेव्हा भोंगा झाला. मी घाई केली नाही.

परत आलो तर शिट्ट्या वाजत होत्या आणि लोक पाण्यातून काठाकडे पळत होते. लाटा अजून थांबायच्या होत्या. दोन जीवरक्षक ट्यूबा बाजूला सारत होते. ट्यूबांच्या खालून त्यांनी अपेक्षाला काढलं. बापापासून फार तर पाच हातांवर. आणि ज्योतीराम लाटांकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, येणारी लाट छातीवर घेत हसत होता. आख्ख्या तलावात तो एकटाच हसत होता. मी पाण्यात शिरून त्याला गदागदा हलवला तेव्हा तो वळला, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मोकळ्या हाताकडे बघितलं, आणि त्याने विचारलं, "अपेक्षा कुठाय?"

रस्त्यातच ती गेली होती, असं दवाखान्यात सांगितलं.

संध्याकाळी जबाब घ्यायला हवालदार आला. व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघं, खाली फरशीवर दुर्गा, तिला धरून तनुजा. मुलगी कुणाजवळ होती, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, "माझ्याजवळ व्हती. मी लघवीला गेलो. पर ह्याला सांगून गेलो व्हतो." तंबाखूचं नाव घ्यायची लाज वाटली. अशा वेळीही माणूस काय काय लपवतो.

हवालदार वाकून ज्योतीरामच्या तोंडासमोर आला. "हे सांगून गेले, ते तुम्ही ऐकलं होतं का?"

ज्योतीरामने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सांगणार. मला वाटलं, सांगू दे. आणि त्याच वेळी हेही वाटलं की याने सांगितलं तर पुढचा प्रश्न मला येईल: याला ऐकू येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना, मग याच्या भरवशावर पोर सोडलंत कसं? मी मान खाली घातली.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "ऐकलं होतं. माझं ध्यान नव्हतं."

फरशीवरून दुर्गाने वर बघितलं. हवालदाराने ते लिहून घेतलं आणि ज्योतीरामने खाली सही केली.

तो असं का म्हणाला, ते मी त्याला विचारलेलं नाही. जून तोंडावर होता, कागद नवा व्हायचा होता, म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं कुणीही विचारलं, ऐकलंस का, की ऐकलं म्हणायची सवय लागलेली, ती सवय बोलून गेली असेल. तपासणीच्या खोलीत ती सवय मीच पक्की केली होती.

तेराव्यानंतर तो कामाला लागला. मी त्याच्या प्रेसला डाय लावतो, तो पत्रा सरकवतो, आम्ही खुणांनी बोलतो. घरी दुर्गा त्याच्याशी बोलत नाही. पहिले काही दिवस त्याला ते कळलंही नसावं. ती बोलते की नाही हे बघायला त्याला तिच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि ती भिंतीकडे तोंड करून बसते.

परवा सकाळी तो ड्युटीला गेल्यावर दुर्गा आमच्याकडे वर आली. तनुजा देहूला बहिणीकडे गेली होती. मी घरी एकटाच होतो, त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. दुर्गा दारातच उभी राहिली.

"शेखरभाऊ, एक विचारते. खरं सांगा."

"बोल की."

"काल मी कुकर लावून पाण्याला गेले होते. हे शेगडीकडं पाठ करून बसलेले. किती शिट्ट्या झाल्या काय माहीत, मी नळावरून ऐकत पळत आले. भात पार जळून कोळसा. आन् हे तसेच बसलेले. मी दारात उभी राहून हाका मारल्या. तरी तसेच." तिने पदराने तोंड पुसलं. "ह्येंला ऐकू येत नाही का, भाऊ?"

मी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घालू लागलो.

"तुमी दिवसभर संगं असता. तुमाला ठाऊक असंल. ऐकू येत नसंल तर मग त्यांचा काय दोष? मग मी बोलंन त्यांच्याशी. पोरगी गेली ती गेली, निदान माणूस तरी राहील मला. पर ऐकून बी तिकडं बघितलं नसंल, तर मला ह्या माणसाच्या हातचं पाणी नको. मी जाते माझ्या आईकडं. तुमी म्हनाल ते मी खरं मानीन."

एका शब्दाचं काम होतं. नाही येत, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघालं असतं तर तिने त्यापुढचं आपोआप जुळवलं असतं. मग तुम्ही पोरगी त्याच्याकडे देऊन कशाला गेलात, असं याच दारात उभं राहून तिने मला विचारलं असतं. त्या पोरीची आई. मला ते ऐकायचं नव्हतं. मी भेकड माणूस आहे, हे त्या क्षणी मला जितकं स्पष्ट कळलं तितकं आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

"येतं की," मी म्हणालो. "चांगलं ऐकू येतं. कंपनीत दर साली कानाची तपासणी व्हती. पास हाय त्यो."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली. दुपारी ड्युटीला निघालो तेव्हा ती रिक्षात पेटी चढवत होती.