उशीला फुटला पान्हा

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. औषधांच्या दुकानावरची ती खोली एरवी शनिवारी निम्मी रिकामीच असायची. अंगावर पाजणाऱ्या चार-सहा जणी भिंतीला टेकून बसायच्या. कुणाचं बाळ छातीला लागत नाही, कुणाची छाती दगडासारखी झालेली. मधे नर्सताई, एकीचं ऐकत दुसरीच्या पाठीशी उशी सरकवणारी. आज मात्र जिची मुलं कॉलेजात जातात अशी बाईसुद्धा चपला हातात धरून उभी होती, कारण आत अंगठी बोलत होती.

थांबा. तुम्हीही एक अंगठी आणि हातभर दोरा घेऊन या. अंगठी नसेल तर किल्ली चालेल. तोवर गोष्ट थांबते.

आणलीत? दोऱ्याला बांधून ठेवा. अजून काही करू नका.

अंगठीवाल्या मावशी नेमक्या कुणाच्या मावशी, हे खोलीत कुणालाच सांगता आलं नसतं. कुणाच्या तरी सोबतीला आल्या आणि राहिल्या. त्या स्वतः दोऱ्याला बोट लावत नसत, त्यांची सगळी ख्याती त्यावरच उभी होती. "हात तुमचा, अंगठी तुमची, लेक तुमची. माझं काय? नुसती जीभ." बाळाच्या आजीने दोऱ्याला बांधलेली अंगठी आईच्या छातीसमोर धरायची. गोल फिरली तर छाती भरलेली. आडवी झुलली तर आटलेली. आणि अंगठी खरोखरच फिरायची. एका बाळाच्या वीजमिस्त्री बापाने मावशींच्या पदराखाली लोहचुंबक आहे का ते तिरक्या नजरेने शोधलं. सापडलं नाही, तेव्हा तो हात जोडून खाली गेला.

आटलेली निघाली की मावशी पुडी विकत आणि बजावत, की गुण येईपर्यंत बाळाला छातीला लावायचं नाही, बाटली द्यायची. "आटल्या विहिरीत पोहरा सोडला की गाळच वर येतो, बाई." काही दिवसांत छाती खरंच आटायची. मग सगळ्या म्हणायच्या, बघा, अंगठीला आधीच कळलं होतं.

आणि नर्सताई? ती गप्प होती. खोली भरलेली पाहून तिला बरं वाटलं होतं. मावशींना खुर्ची तिनेच दिली होती.

मग पोस्टाच्या खिडकीवर बसणारी तिच्या आईला घेऊन आली. तिच्या मुलीला सगळे चिंगी म्हणत. मागच्या शनिवारी चिंगीच्या आजीने, म्हणजे हिच्या सख्ख्या आईने, अंगठी धरली होती आणि ती आडवी झुलली होती. तेव्हापासून चिंगी बाटलीवर होती. आज पोस्टवाली नर्सताईला कोपऱ्यात गाठून, दारातल्या चपलांकडे बघत म्हणाली, "ताई, मी पुढच्या शनिवारपासून येत नाही. इथे आयांनी यायचं असतं."

नर्सताईचा चेहरा उतरला. तिने पोस्टवालीला हाताला धरून परत आत आणलं आणि मावशींना नम्रपणे सांगितलं, की ही जाण्याआधी हिच्यासमोर अंगठी पुन्हा एकदा धरायची आहे. फक्त या वेळी आजींचे डोळे बांधून. अंगठीला दिसतं की आजींना, एवढंच बघायचं होतं.

"परीक्षा घेतली की विद्या रुसते," मावशी म्हणाल्या.

"रुसली तर समजूत काढू," नर्सताई म्हणाली आणि तिने पट्टी म्हणून बाळाचा लंगोट उचलला.

"कोरडा आहे ना गं?" आजीने विचारलं. खोली हसली. ते त्या दिवसाचं शेवटचं हसू.

डोळे बांधल्यावर नर्सताईने ओठांवर बोट ठेवलं, पोस्टवालीला अलगद बाजूला केलं आणि खुर्चीवर उशी उभी केली. मग मोठ्याने म्हणाली, "आजी, समोर जुळ्यांची आई बसली आहे." जुळ्यांची दोन्ही पोरं भोपळ्यासारखी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठी जराशी थरथरली आणि गोल फिरू लागली. उशीसमोर.

"आता ती उठली. आता तुमची लेक."

समोर उशीच होती, तरी गोल मोडला. अंगठी आडवी झुलू लागली, आधी हळू, मग जोरात. आजीला ते बोटांतून कळत होतं. लंगोटाआडून ती म्हणाली, "सांगितलं नव्हतं मी? आडवीच."

नर्सताईने पट्टी सोडली.

आता तुमचा दोरा. कोपर टेकू नका. हात स्थिर ठेवा आणि मनात नुसतं म्हणा, गोल. आता म्हणा, आडवी. हात हलला नाही असं तुम्ही शपथेवर सांगाल. हलला. स्नायू आपल्याला न विचारता जरासे हलतात आणि तो जरासा धक्का लांब दोरा मोठा करून दाखवतो. मावशींची कला खोलीत नव्हतीच, ती जिन्यावर होती. लेक नीट जेवते का? कामावर जाते म्हणे? बाळ किरकिरं आहे? असं गोड विचारून त्या आजीच्या मनातली शंका वर काढून ठेवत. पुढचं आजीचा हातच करायचा.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. तिथल्या प्रत्येक आजीने कधी ना कधी तो दोरा धरला होता. मावशी कधी जिना उतरल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आई," पोस्टवाली म्हणाली, "तुला आधीपासूनच वाटत होतं ना, मला जमणार नाही?"

आजी उशीकडे बघत राहिली. अंगठी हातात लोंबत होती, निश्चल.

नर्सताईने आधी सगळ्यांची माफी मागितली, मग मावशींना दिलेली खुर्ची उचलून बाहेर ठेवली. तिने समजावलं, की बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं, ओढणं थांबलं की बनणंही थांबतं. पुरतं की नाही ते ओल्या लंगोटांना आणि वजनकाट्याला विचारावं. चिंगीला पुन्हा छातीला लावू, पण बाटली पूर्ण सुटेल असं वचन मी देत नाही, असंही तिने सांगून टाकलं.

चिंगीने आधी तोंड फिरवलं, किंचाळली, आईला रडवलं. मग हळूहळू लागली. एक बाटली राहिलीच. त्या खोलीत त्याबद्दल आता कुणी विचारत नाही.

आजी अजून दर शनिवारी येते. एखादी नवी आई पर्समध्ये पुडी घेऊन आली, की आजी स्वतःच लंगोट मागते, उशी मागते, डोळे बांधून घेते आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवते.

"मी उशीला पान्हा फोडला," ती सांगते, "आणि पोटच्या पोरीचा आटवला."

"आई, पुरे," चिंगीला पाजता पाजता पोस्टवाली म्हणते. आजी थांबत नाही.

तेव्हा उद्या कुणी तुमच्या हातात दोरा दिला, तर आधी डोळे बांधून बघा. समोर कोण आहे ते दुसऱ्याला ठरवू द्या. आणि लेकीबद्दल मनात शंका असेल, तर ती तिला तोंडाने विचारा. अंगठी परत बोटात घाला.