न मोजलेल्या पायऱ्या

बहात्तर साली भिमाजी जिल्हा परिषदेवर निवडून आला तेव्हा एकलहऱ्याच्या वस्तीने एवढा गुलाल उधळला, की त्याच्या कुबड्यासुद्धा लाल झाल्या. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय गेलेला. केरू आणि यादव या दोन कार्यकर्त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, ते थेट नाशिकच्या कचेरीच्या पायऱ्या चढून वरच्या सभागृहात नेऊन बसवलं. तेव्हापासून दर सभेला तसंच. आणि खरं सांगायचं तर गड्याला ते आवडायचं. ज्यांच्या ओट्यावर त्याच्या बापाला बसायची सोय नव्हती, ते बागायतदार माना वर करून बघत राहायचे नि भिमाजी त्यांच्या डोक्यावरून वर जायचा. कोणाला नाही आवडणार?

वर गेल्यावर मात्र तो गप्प बसणारा नव्हता. बौद्ध झालेल्यांच्या सवलती, येवल्याकडच्या एका गावातल्या कबरस्तानाची भिंत, आंधळ्या मुलांचं वसतिगृह, एकेक विषय धरून तासतासभर भांडायचा. ठराव एकमताने मंजूर व्हायचे आणि कपाटात जाऊन पडायचे. त्या भिंतीची एक वीट काही लागली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पेठकडची चिमणाबाई आली. दोन्ही पाय जन्मापासून लुळे, हातांना टायरचे तुकडे बांधून सरपटत चालायची. अपंगाचा दाखला मिळाला तर तिला शिलाई मशीन मिळणार होतं, नि मशीन मिळालं तर भावजयीच्या शिव्या खात तुकडा मोडायची वेळ सरणार होती. पण दाखल्याचं टेबल वरच्या मजल्यावर, आणि अर्जदाराने टेबलासमोर स्वतः हजर राहायचं, असा नियम.

"केरू, हिला घे रे वर," भिमाजी सहज म्हणाला.

चिमणाबाईने पदर सावरला. "परक्या बाप्याच्या खांद्यावर मी नाय चढायची, दादा. गावात तोंड दाखवायचं हाय मला."

भिमाजी ओशाळला. एवढी वर्षं अपंगांसाठी घसा कोरडा केला, आणि एवढी साधी गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. पुढच्याच सभेत त्याने ठराव मांडला, दाखल्याचं टेबल खाली आणा.

अध्यक्ष हसले. "भिमाजीराव, तुम्ही इतकी वर्षं वर येताय, तुम्हाला कधी अडचण आली? बरं, पायऱ्या किती आहेत, ते तरी सांगा."

भिमाजीला सांगता येईना. सभागृह खो खो हसलं. त्याचा ठराव पहिल्यांदाच पडला, आणि पडला तो नेमका हा.

एकोणऐंशीत तो स्वतःही पडला. यादव नव्या सदस्याची जीप चालवू लागला. केरू त्याच कचेरीत शिपाई झाला. पोट कोणाला चुकलंय?

एक्याऐंशी साल अपंगांचं वर्ष म्हणून साजरं झालं, नि कचेरीतल्या साहेबांना सत्काराला एक अपंग पुढारी हवा होता. भिमाजीने लगोलग चिमणाबाईला निरोप धाडला, ये, साहेबांशी बोलतो, या खेपेला दाखला घेऊनच जा. ती आली आणि खालच्या पायरीशी बसली. केरूने आणखी एका शिपायाला हाताशी धरून भिमाजीला वर नेलं. शाल झाली, नारळ झाला. मग भिमाजी कुबडीवर उठला.

"साहेब, खाली एक बाई बसलीय. चार वाजता तिची पेठची गाडी आहे. टेबल राहू द्या, निदान सही करायला कोणी खाली चला."

"तिला वर आणा ना," साहेब म्हणाले, "तुम्ही आलात तशी."

आणि चहा आला.

चहानंतर सभागृह रिकामं झालं. केरू साहेबांचे हारतुरे घेऊन बंगल्यावर गेला. भिमाजीला खाली न्यायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. खिडकीतून त्याला दिसलं, चिमणाबाई फाटकाकडे सरकत होती. त्याने हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

त्याने कुबड्या खाली लोटून दिल्या, जमिनीवर बसला आणि ढुंगणावर घसरत एकेक पायरी उतरू लागला. शाल मध्येच कुठेतरी गळून पडली. तो खाली पोचला तेव्हा साडेचार झाले होते, आणि फाटकाशी कोणी नव्हतं.

केरू परत आला, त्याला तसं बसलेलं पाहून वरमला. "भाऊ, थांबायचं की. घेतलं असतं मी."

"सत्तावीस आहेत," भिमाजी म्हणाला.

केरूला काही कळलं नाही. आणि ज्यांनी भर सभेत हा आकडा विचारला होता, त्यांच्यापुढे उभं राहायला भिमाजीला आता जागा उरली नव्हती.