वाकोल्याच्या रुमालाची कैफियत

मित्रांनो, रुमाल म्हटले की तुमचा हात लगेच खिशाकडे जाईल. तो तिथेच राहू द्या. शिंक आली की शोधायचा रुमाल मी नव्हे. मी कचेरीतला रुमाल आहे, म्हणजे सरकारी कागदांचा गठ्ठा बांधून ठेवायचे जाड, लाल, चौकोनी कापड. एका टोकाला मला लांब दोरी आहे. माझी पंचविशी उलटली आहे आणि कापडाला एवढे वय फार झाले. रंग उडाला, दोन ठिगळे लागली, पण ऐट अजून गेलेली नाही.

तुरुंगातल्या मागावर एका कैद्याने मला विणले. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. तिथून मी अंधेरीच्या एका कौलारू सरकारी कचेरीत आलो. तिथे प्रत्येक गावाचा रुमाल वेगळा असे. माझ्या वाट्याला वाकोला आले. तिथले कुणाचे भाताचे शेत कुठपर्यंत, कुणाची विहीर कुणाच्या हद्दीत, कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढली, हे सगळे माझ्या पोटात. शेजारी पार्ल्याचा रुमाल असे. तिकडे घरे जास्त, म्हणून कागद जास्त, म्हणून त्याला तोरा जास्त. मी त्याच्याकडे लक्ष देत नसे.

आम्हा सगळ्यांना सांभाळणारा माणूस म्हणजे गुणाजी. मालवणाकडचा, राहायला वाकोल्यातच. त्यामुळे माझ्यावर त्याचा जीव काकणभर जास्त, असे माझे मत आहे. खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो कचेरीत लागला तेव्हा पट्टेवालाच होता. पण दफ्तराच्या खोलीची राखण करणारे जुने दफ्तरी पंचेचाळीस साली निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. "तेवढं तू बघ रे चार दिवस," असे कुणीतरी गुणाजीला सांगितले. ते चार दिवस बारा वर्षे चालले.

गोऱ्या साहेबांनी कागदांसारखी नोकरांचीही फडताळे केली होती. वरच्यांना 'सुपीरिअर' म्हणत, खालच्यांना 'इन्फिरिअर'. इंग्रज गेले, पण गुणाजीच्या नोकरीच्या पुस्तकात तो शब्द तसाच राहिला. गुणाजी मराठी चौथी शिकलेला, इंग्रजी त्याला येत नव्हते. 'इन्फिरिअर' हे आपल्या खात्याचे नाव आहे, असे तो समजत होता. गावाहून कुणी भेटायला आले की तो बिल्ल्यावरून बोट फिरवून सांगे, "मी इन्फिरिअरात आसंय." आलेला माणूसही मान डोलवी. मला शब्दाचा अर्थ ठाऊक होता. पण कापडाला तोंड नसते.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात कचेरीत फॉर्म आले. जुने वर्ग मोडून पगाराच्या नव्या श्रेण्या लावायच्या होत्या. जो जे काम करतो त्याप्रमाणे त्याची श्रेणी ठरणार होती. हेडक्लार्क मार्तंड विजयकर घाम पुसत एकेकाला बोलावत होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"गुणाजी, काम काय करतोस?"

"सायब सांगतत ता."

भाऊसाहेबांनी लिहिले, पडेल ते काम. सही घेतली आणि पुढच्याला हाक मारली. माणूस दुष्ट नव्हता, पण अजून सतरा फॉर्म भरायचे होते. मी मेजावरच होतो. असा राग आला, मित्रांनो, की दोरी असूनही मला काही करता येईना. पडेल ते काम करणाऱ्याची श्रेणी शेवटची. ती एकदा लागली की गुणाजी नोकरी संपेपर्यंत तिथेच राहणार होता, आणि दफ्तराच्या खोलीत त्याने केलेले काम कुठल्याच कागदावर उरणार नव्हते.

ते फॉर्म टाइप करायला नलिनीकडे गेले. नलिनी पार्ल्याची, कचेरीतली पहिली बाई कारकून. हवा तो कागद गुणाजी डोळे मिटून काढून देतो, हे तिने वर्षभर पाहिले होते. ती तडक आमच्या खोलीत आली. गुणाजी माझी दोरी आवळत होता.

"गुणाजीमामा, हे काय सांगून बसलात?"

"काय चुकला काय, बाय?"

"जन्मभर इन्फिरिअरच राहायचंय का तुम्हाला?"

"म्हणजे? खाता बदलतलत काय माजा?"

नलिनीच्या लक्षात आले. ती खाली बसून हळू आवाजात म्हणाली, "मामा, ते खात्याचं नाव नाही हो. इन्फिरिअर म्हणजे खालचा. हलका."

गुणाजीचे हात माझ्यावर थांबले. ते एरवी कधी थांबत नसत.

"वीस वर्सां मी गावात सांगत इलंय," तो म्हणाला. "चेडवाच्या लग्नात सोयऱ्यांका पन ताच सांगलंय."

त्याने पट्टा खांद्यावरून काढून मांडीवर ठेवला. मला फार वाईट वाटले. कडुनिंबाचा पाला घालून, उन्हे दाखवून या माणसाने मला कसरीपासून वाचवले होते, आणि मला त्याच्या पाठीवरून हात फिरवता येत नव्हता.

नलिनी भाऊसाहेबांकडे गेली. ते वैतागले. "बाई, दफ्तऱ्याचं काम लिहिलं की वरून मलाच विचारणार, बारा वर्षं पट्टेवाल्याकडून हे का करून घेतलंत? तीन वर्षांनी मी रिटायर होतोय. कशाला नसती पीडा?"

"पण तो करतो काय, ते तरी लिहू द्या ना. सही करू नका हवं तर."

दुसऱ्या दिवशी नलिनी आमच्या खोलीत स्टूल टाकून बसली. "मामा, तुम्ही आपलं काम करा. मी लिहिते."

"त्येत लिवण्यासारख्या काय आसा?" असे म्हणत गुणाजी कामाला लागला. नलिनी लिहीत गेली. सकाळी चौदा रुमाल सोडले, झटकले, पुन्हा बांधले. फाटलेल्या नकाशाला खळ लावून मागून कागद चिकटवला. उंदराचे बीळ बुजवले. एका म्हाताऱ्या बाईच्या शेताचा चौतीस सालचा कागद पाच मिनिटांत काढून दिला, ती रडत पाया पडू लागली तेव्हा तिला पाणी दिले. भाऊसाहेबांनी पार्ल्याच्या रुमालात कोंबलेला वाकोल्याचा कागद शोधून जागेवर लावला. संध्याकाळपर्यंत चार कागद भरले.

भाऊसाहेब वाचत वाचत आपण चुकीच्या रुमालात कोंबलेल्या कागदाच्या ओळीपाशी आले आणि त्यांनी चष्मा वर केला. "काय रे, हे रोज होतं?"

"रोज नाय, सायब," गुणाजी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "दिसाआड."

सगळी कचेरी हसली. भाऊसाहेबही हसले, मग एकदम गंभीर झाले. त्यांनी जुना फॉर्म फाडला. नवा घेतला, चारही कागद त्याला जोडले आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले: हे काम बारा वर्षे माझ्या सांगण्यावरून होत आले आहे, जाब द्यायचा तो मी देईन. त्या दिवसापासून मी त्यांना मान देतो.

उत्तर यायला आठ महिने लागले. वरून भाऊसाहेबांना जाब विचारला गेलाच आणि त्यांनी तो दिला. मागच्या बारा वर्षांचे काहीच मिळाले नाही. पण नव्या यादीत गुणाजीच्या नावापुढे इंग्रजीत एक नवा शब्द होता. नलिनीने कागद त्याच्यापुढे ठेवला आणि पेन हातात दिले.

गुणाजीने पेन घेतले, पण ते टेकवले नाही.

"करतंय सही, बाय. पन आधी ह्या शब्दाचो अर्थ सांग."

"दफ्तरी," नलिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सगळं दफ्तर ज्याच्या हवाली असतं, तो."

"सगळा?"

"सगळं, मामा."

मग त्याने सावकाश, वडिलांच्या नावासकट, पूर्ण सही केली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या रस्त्यावर, कदाचित तुमच्या घरातही असे कुणी असेल, जे काम विचारल्यावर "पडेल ते" म्हणते. तेवढ्यावर समाधान मानू नका. एक दिवस शेजारी बसा आणि लिहून घ्या. कागद मात्र जास्त घेऊन जा, चार पुरत नाहीत.